डावा खिळा हर्षलचा, उजवा अद्वैतचा

फेब्रुवारीतला शेवटचा रविवार, दुपारचे एक वाजून वीस मिनिटं. रक्कम रुपये दोन हजार सहाशे फक्त, तेराशे-तेराशेच्या दोन पाकिटांत. जागा ठाण्यातल्या एका क्लबच्या टेनिस कोर्टामागची खोली, जिथे एरवी जाळ्या आणि रोलर ठेवतात. हजर माणसं पाच: मी, माझी बायको मीनल, हर्षल भोईर, अद्वैत गोरे आणि हर्षलचे वडील भोईरशेठ. स्पर्धेच्या सुपरवायझर बाई दारात उभ्या होत्या, पण "मैं यहाँ हूँ ही नहीं" असं त्या स्वतःच म्हणाल्या, म्हणून त्यांना मोजत नाही.

पैसे मी देणार होतो. का द्यायचे होते, ते सांगण्यासाठी हा लेख.

कोपरीत माझं दहा बाय बाराचं दुकान आहे. दर्शनी भिंतीवर पाटी आहे: 'ताण चुकला तर मजुरी परत आणि तारही माझी.' दुकान उघडलं त्या दिवशी ती मी स्वतःच्या हाताने रंगवली. त्याला एकोणीस वर्षं झाली. मधे एकदा अक्षरं पुसट झाली तेव्हा मीनल म्हणाली, "आता कशाला परत रंगवताय? कोणी वाचत नाही." मी रंगवली. पाटीमुळे द्यावे लागलेले पैसे त्या रविवारपर्यंत शून्य होते, आणि खरं सांगायचं तर मला त्या शून्याचा थोडा माज होता.

माझा धंदा रॅकेटला तारा ओढण्याचा. खेळाडू त्याला गटिंग म्हणतात. पूर्वी तारा प्राण्यांच्या आतड्याच्या असत, त्यावरून हे नाव पडलं; आता बहुतेक तारा कृत्रिम धाग्याच्या असतात, नाव तेच राहिलं. टेनिसच्या रॅकेटला सोळा उभ्या तारा आणि एकोणीस किंवा वीस आडव्या. प्रत्येक तार मशीनमध्ये धरून ठरावीक ताणाने ओढायची, चिमट्यात पकडायची, पुढची ओढायची. शेवटी चार गाठी. सरावलेल्या हाताला वीस मिनिटं लागतात. ताण पौंडांत सांगतात. पंचावन्न पौंड म्हणजे प्रत्येक तारेला जवळजवळ पंचवीस किलोची सिमेंटची अर्धी गोणी लटकवल्यासारखं. तार सैल असेल तर चेंडू उसळून जोरात जातो, पण कुठे जाईल त्यावर ताबा कमी. घट्ट असेल तर ताबा जास्त, पण जोर स्वतःच्या दंडातून काढावा लागतो आणि धक्का कोपरापर्यंत येतो. बस, एवढंच शास्त्र आहे. बाकी सगळं ज्याच्या त्याच्या मनावर असतं.

मनावर म्हणजे किती, त्याचा एकच नमुना सांगतो. घोडबंदर रोडवरचे एक निवृत्त साहेब दर गुरुवारी रॅकेट घेऊन यायचे. तारा धडधाकट असायच्या. मी म्हणायचो, साहेब, अजून दोन महिने चालतील. ते म्हणायचे, "मला माहीत आहे. पण रविवारी हरलो तर कोणाला तरी दोष द्यायला हवा ना? तारा नव्या असल्या की मग मला माझाच दोष मानावा लागतो. त्याने खेळ सुधारतो." खेळ काही सुधारला नाही, पण माणूस सच्चा होता.

या धंद्याआधी मी वागळे इस्टेटमध्ये वजनकाटे तपासायच्या कामावर होतो. कंपनी बंद झाली. एका ओळखीच्या कोचने जुनं गटिंग मशीन हप्त्यावर दिलं आणि मी पाहिलं की हेही काट्याचंच काम आहे. आजही सकाळी दुकान उघडलं की आधी मशीनला स्प्रिंगचा काटा लावून ताण तपासतो, मगच देवाला उदबत्ती. काट्याच्या नोकरीत माझे वरिष्ठ एक गोष्ट शिकवायचे. पन्नास ग्रॅम जास्त दाखवणारा काटा वाईट नव्हे. पन्नास वजा करून वापरता येतो. वाईट काटा तो, जो चुकतोय हे कोणाला माहीतच नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता ही दोन मुलं. मुलं म्हणतो, पण हर्षल तेवीसचा आणि अद्वैत बावीसचा. दोघंही दहा-अकरा वर्षांचे असल्यापासून माझ्या दुकानात येतात. हर्षल बाळकुमचा. त्याच्या आजोबांची तिथे भातशेती होती, आता टॉवर आहेत, आणि त्यांतल्या एकाच्या तळमजल्यावर भोईरशेठचं ऑफिस. हर्षल सहा फूट दोन इंच, सर्व्हिस म्हणजे तोफ. जोर त्याच्याकडे उपजतच, म्हणून तारा घट्ट हव्यात: पंचावन्न पौंड. अद्वैत आमच्या डोंबिवलीचा, बारीक, नेटपाशी चेंडू असा ठेवतो की ताटात मीठ वाढल्यासारखा. त्याला तारा सैल हव्यात: एकोणपन्नास. शिवाय सतराव्या वर्षी त्याचा उजवा कोपर दुखावला होता आणि आठ महिने खेळ बंद होता. घट्ट तारा त्याला वर्ज्यच.

दुकानात समोरच्या भिंतीवर दोन खिळे आहेत. डावा हर्षलचा, उजवा अद्वैतचा. बारा वर्षांचा रिवाज. मुलांनी यायचं, आपापल्या खिळ्याला रॅकेट अडकवायची, "काका, संध्याकाळी!" म्हणून पळायचं. बाकी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या रॅकेटला मी कार्ड बांधतो: नाव, तार, ताण, वेळ. काम झालं की रॅकेटच्या मानेवर ताणाच्या आकड्याची चिकटपट्टी. या दोघांना कधी कार्ड नाही की पट्टी नाही. घरच्यांना कोणी कार्ड बांधतं का?

फेब्रुवारीत ठाण्यात व्यावसायिक पुरुषांची स्पर्धा झाली. खालच्या पातळीची, म्हणजे टीव्हीवर दिसत नाही अशी, पण रँकिंगचे गुण मिळतात आणि देशोदेशीचे खेळाडू येतात. गटिंगचं काम मला मिळालं. कोर्टामागची ती खोली दिली. मी मशीन नेलं, टेबल मांडलं, आणि रॅकेट्स अडकवायला लोखंडी सळ्यांचा एक उभा स्टँड मधोमध ठेवला. खेळाडू पुढच्या बाजूने येऊन अडकवणार, मी मागे मशीनपाशी बसून उचलणार. कार्डं लिहायला मीनल.

परदेशी खेळाडूंच्या बाबतीत मी फार जपून होतो. कोणी किलोत सांगतो, कोणी पौंडांत, कोणी उभ्या तारांना एक आणि आडव्यांना दुसरा आकडा. एक तैवानी मुलगा तर सकाळच्या सामन्याला वेगळा आणि दुपारच्या सामन्याला वेगळा ताण मागायचा. मी प्रत्येक कार्ड तीनदा वाचायचो: रॅकेट उचलताना, मशीनवर आकडा लावताना आणि शेवटी पट्टी लिहिताना. मीनल हसायची. "इतकं तर तुम्ही आपल्या लग्नाची पत्रिकाही वाचली नव्हती."

डबल्समध्ये हर्षल आणि अद्वैतची जोडी एकेक फेरी काढत फायनलला गेली. दोघांची अशा स्पर्धेतली ही पहिलीच फायनल. बक्षिसाच्या पैशात आठवड्याचा खर्च जेमतेम निघतो, पण जेतेपद नावावर लागलं की पुढच्या स्पर्धांमध्ये थेट प्रवेश मिळायची शक्यता वाढते. अद्वैतने तर घरी सांगून ठेवलं होतं की या वर्षी काही जमलं नाही तर कोचिंगची नोकरी धरेन.

तोपर्यंत त्यांच्या रॅकेट्स मीनल हातात घेऊन मागे माझ्याकडे द्यायची, "ही हर्षलची, ही अद्वैतची" म्हणत. शनिवारी संध्याकाळी ती एका लग्नासाठी लवकर गेली. मुलं आली. दोघांना यंदा एकाच कंपनीने रॅकेट दिल्यात; सारख्याच काळ्या, सारखीच पांढरी मूठपट्टी. दोघांनी स्टँडच्या दोन टोकांना अडकवल्या.

"काका, दुकानासारख्याच लावल्यात हं," अद्वैत म्हणाला. "डावी हर्षलभाईची, उजवी माझी."

"कळतं रे मला," मी म्हणालो.

रविवारी सकाळी साडेसातला मी मशीनला काटा लावला, बिनचूक होता. डावीकडची रॅकेट उचलली, पंचावन्न लावले. उजवीकडची उचलली, एकोणपन्नास लावले. तैवानी मुलगा आणि त्याचा ऑस्ट्रेलियन जोडीदार, म्हणजे फायनलमधली समोरची जोडी, त्यांच्याही रॅकेट्स केल्या. कार्ड तीनदा वाचून. अकराला मुलं आली. आपापली मूठ हाताने चाचपून आपापली रॅकेट घेऊन गेली. मूठ त्यांना कळते, हर्षलची जाड आहे. मला कळत नाही, कारण माझा हात मुठीला लागतच नाही. मी रॅकेटचं डोकं धरतो.

साडेअकराला सामना सुरू झाला. भोईरशेठ बाळकुमहून पंचवीस माणसं घेऊन आले होते. बरोबर बेंजो पार्टीही आणली होती, ढोल-ताशासकट. सुपरवायझर बाईंनी तिला गेटवरच थांबवलं. टेनिसमध्ये पॉइंट चालू असताना शिंकही दाबावी लागते, तिथे बेंजो! शेवटी तडजोड अशी झाली की बेंजो टेंपोत बसून राहील आणि कोणी सूरही लावणार नाही. बेंजोवाले टेंपोत पत्ते खेळत बसले.

मी गॅलरीच्या शेवटच्या पायरीवर बसलो. माझी एक सवय आहे. सामना बघताना पहिले काही गेम मी डोळे मिटून ऐकतो. तारा बोलतात. पंचावन्नचा आवाज टणक आणि उंच, एकोणपन्नासचा जाडा आणि दबका. या दोघांचा आवाज मला बारा वर्षं पाठ आहे. डोळे मिटून मनात म्हणत होतो: हा अद्वैत सर्व्हिस करतोय. छान, दबका आवाज. पण पंच 'आऊट' म्हणाले. पुन्हा दबका आवाज, पुन्हा आऊट. अद्वैतची सर्व्हिस इतकी लांब कधी जात नाही म्हणून डोळे उघडले.

सर्व्हिस हर्षल करत होता.

उठलो, खोलीत आलो. स्टँडच्या मागे उभा राहिलो, नेहमीच्या जागेवर. माझ्या डावीकडचं टोक. मग चालत पुढच्या बाजूला गेलो, जिथे मुलं उभी होती तिथे. तेच टोक आता उजवीकडे होतं. दुकानात भिंत असते, भिंतीच्या मागे कोणी बसत नाही. इथे मी भिंतीच्या मागे बसलो होतो.

म्हणजे हर्षलच्या हातात एकोणपन्नास आणि अद्वैतच्या हातात पंचावन्न. प्रत्येक तारेला सहा पौंडांचा, पावणेतीन किलोंचा फरक. समोरच्या जोडीच्या रॅकेट्स मात्र माझ्याच हातच्या, तंतोतंत.

मीनल टेबलाशी होती. तिला दोन वाक्यांत सांगितलं. तिने खुर्ची ओढून मशीनपाशी आणली. दोघांची एकेक तार तुटलेली रॅकेट उपांत्य सामन्यापासून माझ्याकडेच होती. मुठी वेगळ्या, त्यामुळे हातातल्या आपसांत बदलून चालणार नव्हतं. दोन्ही नव्याने करायला चाळीस मिनिटं. मशीन एक. स्कोअर एक-तीन, आपण मागे. म्हणजे पहिला सेट संपेपर्यंत फार तर एक रॅकेट होणार.

"हर्षलची आधी करतो," मी म्हणालो. "त्याची सर्व्हिस गेली तर सामनाच गेला."

"अद्वैतची आधी," मीनल म्हणाली.

"अगं, पॉइंट कोण घालवतंय बघ तरी!"

"हर्षल पॉइंट घालवतोय. अद्वैत कोपर घालवेल. सामना काय, परत मिळतो."

मी अद्वैतची रॅकेट मशीनवर चढवली. आयुष्यात इतक्या वेगाने आणि इतक्या सांभाळून एकाच वेळी कधी काम केलं नव्हतं. मीनल दारात उभी राहून स्कोअर सांगत होती. दोन-चार. दोन-पाच. तीन-पाच. मधेच दारात भोईरशेठ आले. घामाघूम.

"काका, पोराला काय झायलाय? बॉल कोर्टान नाय, बालकुमान जातंय!"

मी तार ओढता ओढता म्हणालो, "शेठ, चूक माझी आहे."

"तुमची कशी? तुमी काय खेलताव?"

"रॅकेट्स उलट-सुलट झाल्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मोठा माणूस आहे, आवाज मोठा, हात मोठे. मला वाटलं आता काही खरं नाही. ते म्हणाले, "मग बोलत काय बसलाव? वोढा की!" आणि स्वतःच्या रुमालाने माझ्या कपाळावरचा घाम पुसू लागले. त्याने माझी दोन मिनिटं गेली, पण पुसू दिलं.

पहिला सेट सहा-तीन गेला. एकोणीस मिनिटांत रॅकेट तयार झाली होती. दोन सेटमध्ये दोन मिनिटं विश्रांती असते. मी कार्ड घेतलं, बारा वर्षांत या मुलांसाठी लिहिलेलं पहिलं कार्ड, आणि लिहिलं:

'चूक माझी. हर्षलकडे ४९ आहे, अद्वैतकडे ५५. अद्वैत, ही ४९ घे. हर्षल, तुझी वीस मिनिटांत आणतो. काका.'

पळत कोर्टाच्या दाराशी गेलो. सुपरवायझर बाईंनी कार्ड हातात घेतलं. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, आणि सामना चालू असताना चिठ्ठीतून सल्ला पाठवायला बंदी असते.

"इसमें क्या लिखा है?"

"मेरी गलती लिखी है, मॅडम."

"पूरी?"

"पूरी."

"और कुछ तो नहीं? खेल के बारे में?"

"नहीं मॅडम. सिर्फ मेरे बारे में."

त्यांनी कार्ड रॅकेटला परत बांधलं आणि आत पाठवलं.

अद्वैतने वाचलं. रॅकेट हातात घेतली, तारांवर तळवा आपटला, आणि त्याचे खांदे खाली आले. पाठीवरून ओझं उतरवल्यासारखे. त्याने कार्ड हर्षलकडे दिलं. हर्षलने वाचलं, एकदा, दोनदा. मग मान मागे टाकून तो असा हसला की पंचांनीही वळून पाहिलं. गॅलरीत बाळकुमची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. सेट हरल्यावर हा हसतो काय?

नंतर त्याने मला सांगितलं, "काका, मला वाटलं माझा हातच गेला. फायनलला हात कापतात म्हणतात ना, तसं. मी अद्याला सांगितलं पण नव्हतं. आणि हा येडा पण सांगत नव्हता की कोपर टोचतोय, मी टेन्शन घेईन म्हणून. दोघं आपापलं गिळून खेळत होतो. कार्ड वाचलं आणि कळलं, च्यायला, आपण ठीक आहोत! काका चुकलेत!"

मी खोलीत परतून हर्षलची रॅकेट चढवली. मीनलचा आवाज दारातून येत होता आणि आता त्या आवाजात चढ होता. एक-शून्य. दोन-एक. "हर्षलची सर्व्हिस आत पडतेय हो!" मी म्हणालो, पडेल कशी, त्याच्याकडे अजून एकोणपन्नासच आहेत. "पडतेय म्हणते ना मी!"

वीस मिनिटांनी पंचावन्नची रॅकेट घेऊन पोहोचलो तेव्हा दुसऱ्या सेटचा स्कोअर चार-तीन होता, आपण पुढे. कडेच्या खुर्चीवर बसलेल्या हर्षलकडे रॅकेट पोहोचली. त्याने ती घेतली, पाहिली, पिशवीत ठेवली आणि जुनीच हातात घेऊन उठला. जाताना माझ्याकडे बघून त्याने दोन हातांमध्ये फूटभर अंतर धरून दाखवलं आणि हात तसेच नेटच्या दिशेने सरकवले.

मला क्षणात कळलं. तारा किती सैल आहेत हे कळल्यावर त्याने तेवढं वजा केलं होतं. फूटभर आत नेम धरत होता. आणि सैल तारांचा फुकटचा जोर वर मिळत होता. वागळे इस्टेटमधल्या माझ्या वरिष्ठांची आठवण झाली. काटा तोच होता, चुकीचाच होता. फक्त आता चूक किती ते माहीत होतं.

दुसरा सेट सहा-चार आपला. डबल्समध्ये तिसरा पूर्ण सेट खेळत नाहीत; दहा पॉइंटचा एकच टायब्रेक, दोनने पुढे असणारा जिंकतो. मी परत पायरीवर बसलो. या वेळी डोळे मिटले नाहीत. शेजारी मीनल, पलीकडे भोईरशेठ. आठ-आठ झाले तेव्हा शेठ कुजबुजले, "काका, आता बगवत नाय."

"मग ऐका," मी म्हणालो.

त्यांनी खरंच डोळे मिटले. अद्वैतने नेटपाशी चेंडू नुसता ठेवला. दबका आवाज, आणि चेंडू दोनदा टप्पा खाऊन मेला. नऊ-आठ. मग हर्षलची सर्व्हिस. तोही दबकाच आवाज, चुकीचा आवाज, पण तैवानी मुलाची रॅकेट पोहोचायच्या आत चेंडू मागच्या पडद्यावर होता. शेठनी डोळे मिटूनच विचारलं, "काय झाला?"

कोणी उत्तर द्यायच्या आत गॅलरी उभी राहिली.

तर एक वाजून वीस मिनिटांनी आम्ही पाच जण त्या खोलीत होतो. मी दोन पाकिटं पुढे केली.

"हे काय?" अद्वैतने विचारलं.

"पाटी," मी म्हणालो. "दोघांचा ताण चुकला. मजुरी चारशे, तार नऊशे. प्रत्येकी तेराशे परत. सही करा."

"काका, येरे झालाव काय?" भोईरशेठ ओरडले. "पोरं जिकली! उलट आमीच तुमाला देताव!"

"जिंकली ती त्यांच्या अकलेने. ताण चुकला तो माझ्या. आणि नंतर केलेल्या दोन रॅकेट्सचे पैसे घेणार नाही, ती दुरुस्ती होती."

"काका, सोडा ना यार," अद्वैत म्हणाला. "घरातल्या घरात काय?"

"घरातल्या घरात म्हणूनच झालं हे," मी म्हणालो. "त्या तैवानी मुलाचं कार्ड मी तीनदा वाचलं. तुमचं एकदाही लिहिलं नाही."

हर्षलने पाकीट घेतलं, रजिस्टरवर सही केली. "घे रे अद्या. नाही घेतलं तर काका पाटी पुसतील, आणि पाटी नसेल तर आपण यांच्याकडे जायचं कशाला?" अद्वैतनेही सही केली. दारातल्या सुपरवायझर बाईंनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "मैच खत्म हुए पंद्रह मिनट हो गए. अब गेट पर जो चाहे बजाओ."

सगळे गेटकडे निघाले. टेंपोतल्या माणसांनी पत्त्यांचा डाव अर्धा टाकला. दोन तास दाबून धरलेला बेंजो असा सुटला की समोरच्या सोसायटीचा वॉचमनही खुर्चीवरून उठून नाचायला लागला. ऑस्ट्रेलियन खेळाडू, हरलेला, बॅग खांद्यावर घेऊन बाहेर आला आणि दोन मिनिटांत भोईरशेठच्या खांद्यावर हात टाकून नाचत होता. मी नाचत नाही. त्या दिवशी नाचलो. साधारण चार मिनिटं.

त्यानंतर दुकानातले दोन खिळे तसेच आहेत, पण आता दोघांच्याही रॅकेटला कार्ड असतं. हर्षलच्या कार्डावर आता त्याच्याच सांगण्यावरून बावन्न लिहिलेलं असतं. अद्वैतचा आकडा बदलला नाही, आणि त्याने कोचिंगची नोकरीही धरलेली नाही. पाटी रंगवलेली आहे. तिच्या हिशेबातलं शून्य आता शून्य नाही, आणि मला वाटलं होतं तेवढं ते लागलंही नाही.

दोन हजार सहाशेंचं पुढे काय झालं, तेही नोंदवून ठेवतो. हर्षलने त्याचं पाकीट गेटवर, नाचता नाचताच, बेंजोच्या मालकाच्या टोपीत टाकलं: रुपये तेराशे. त्याची रॅकेट आधी कोणी करायला लावली हे मी सांगितल्यावर अद्वैतने त्याचं पाकीट मीनलच्या हातात ठेवलं आणि तिच्या पाया पडला. "काकू, हे कोपराचे." रुपये तेराशे. ती रक्कम दुकानाच्या गल्ल्यात जमा झालेली नाही. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तिने मला पाटी वाचून दाखवली: 'मजुरी परत आणि तारही माझी.'